लिपी एक, वाणी अनेक

‘चिनी भाषा’ हा शब्दप्रयोग आपण इतक्या सहजपणें करतों कीं, त्यांत कांहीं विचार करण्यासारखें आहे अशी शंकाही आपणांस येत नाहीं. परंतु एकाच आडनांवाचे चार चिनी गृहस्थ चार ठिकाणांहून येऊन एकत्र बसले, तर ही शंका आल्यावांचून राहणार नाहीं. बीजिंगहून आलेले गृहस्थ आपलें आडनांव ‘चेन’ असें सांगतील. हाँगकाँगचे ‘चॅन’ म्हणतील. सिंगापूरच्या होक्येन घराण्यांतले ‘तान’ म्हणतील. आणि सॅनफ्रान्सिस्कोस तीन पिढ्या काढलेले ‘चिन’ म्हणतील. चौघांच्या हातीं लेखणी दिली तर कागदावर अक्षर मात्र एकच उमटेल. कागदावर जे सगोत्र, ते तोंड उघडतांच परस्परांस परके! या विलक्षण स्थितीचा परदेशस्थ चिनी समाजाच्या वाङ्मयावर काय परिणाम झाला, आणि एका भाषेनें दुसरीची जागा घेतली असतां वाङ्मय कोणत्या गोष्टीची साक्ष देतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एका गैरसमजाचा निरास केला पाहिजे. मँडरिन ही भाषा आणि कँटोनीज ही तिची ‘बोली’ असें म्हणण्याची सार्वत्रिक चाल आहे. बोली म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें पुणेरी आणि वऱ्हाडी यांचें नातें उभें राहतें. पण वऱ्हाडी शेतकरी पुण्यास आला तर त्याची थोडी थट्टा होईल, इतकेंच. त्याचें बोलणें कोणास कळणार नाहीं असें होत नाहीं. कँटनकडचा शेतकरी बीजिंगला गेला, आणि त्यानें मँडरिन कधीं ऐकलेलीच नसली, तर त्यास पाणी मागणेंही कठीण. मँडरिनमध्यें चार स्वर, कँटोनीजमध्यें सहा, आणि जुन्या पद्धतीनें मोजल्यास नऊ. शब्दाच्या अंतीं येणारे प, त, क हे जुने वर्ण कँटोनीजनें राखले, मँडरिननें टाकले. म्हणून थांग राजवटींतील कवींचीं यमकें मँडरिन उच्चारांत कित्येकदां तुटतात आणि कँटोनीजमध्यें जुळतात. नित्याचे शब्दही निराळे. ‘तो’ यास मँडरिनमध्यें ‘ता’, कँटोनीजमध्यें ‘खोय’.

मग या दोहोंस एक भाषा कां म्हणावयाचें? उत्तर लिपींत आहे. मराठी व हिंदी यांची लिपी एकच, पण हिंदींत लिहिलेलें वाक्य मराठी उच्चारानें वाचून दाखवा असें कोणी म्हटलें तर त्यास कांहीं अर्थ राहणार नाहीं. चिनी अक्षर ध्वनीपेक्षां शब्दाशीं अधिक बांधलेलें असल्यामुळें तेथें हें शक्य होतें. हाँगकाँगचा मुलगा शाळेंत ‘तो’ या अर्थाचें मँडरिन अक्षर लिहितो, वाचतांना त्याचा कँटोनीज उच्चार करतो, आणि घरीं आईशीं बोलतांना निराळाच शब्द योजतो. वृत्तपत्रांतील कांहीं सदरें, जाहिराती, गाणीं आणि खाजगी निरोप सोडले, तर त्याची खरी वाणी कागदावर क्वचितच उतरते. शिकलेला कँटोनीज मनुष्य लेखणी उचलतो तेव्हां तो मनांतल्या मनांत भाषांतरच करीत असतो, असें म्हटल्यास तें फारसें चुकणार नाहीं. कँटोनीज लोकांत अशी एक दंतकथा आहे कीं, चिनी प्रजासत्ताकाच्या आरंभीं राष्ट्रभाषा निवडतांना त्यांची भाषा केवळ एका मतानें हरली. इतिहासांत अशा मतदानाला आधार नाहीं. १९१३ सालीं पेकिंग येथें भरलेल्या परिषदेंत उच्चारांवरून वाद पुष्कळ झाले, परंतु हा प्रश्न तेथें मतास पडलेला दिसत नाहीं. तथापि दंतकथा खोटी असली तरी ती जिच्यांतून उपजली ती सल खोटी नाहीं.

आतां परदेशाकडे वळूं. १८४८ सालीं कॅलिफोर्नियांत सोनें सांपडल्यानंतर जे चिनी लोक तिकडे गेले, त्यांतील फार मोठा भाग कँटनच्या नैर्ऋत्येस असलेल्या चार लहान तालुक्यांतला होता. या चार तालुक्यांस ‘सी यप’ म्हणतात. हें नांव मुंबईकरांस अगदींच परकें नसावें. माझगांवांत १९१९ सालीं उभारलेलें जें चिनी देवालय आहे, तें याच सी यपच्या लोकांचें, आणि त्याच्या नांवांतही तो शब्द आहे. त्यांच्यापैकीं होइसान तालुक्याच्या लोकांची भाषा कँटोनीजच्या कुळांतली खरी, पण कँटन शहरच्या माणसास ती नीटशी कळत नाहीं. अमेरिकेंतील चिनी वस्त्यांत कित्येक दशकें ‘चिनी’ म्हणून जी भाषा ऐकूं येत होती, ती ही होइसानची ग्रामीण भाषा होय.

या लोकांनीं मागें ठेवलेल्या दोन प्रकारच्या पद्यरचना तुलनेस घेण्याजोग्या आहेत. पहिली एंजल आयलंड बेटावरील भिंतींची. चिनी मजुरांस मज्जाव करणारा अमेरिकन कायदा १८८२ सालचा. तो १९४३ पर्यंत टिकला. सॅनफ्रान्सिस्कोच्या उपसागरांतील या बेटावर १९१० ते १९४० पर्यंत येणाऱ्या चिनी लोकांस अटकावून त्यांच्या उलटतपासण्या होत. कांहींस आठवडे, कांहींस महिने कोंडून ठेवीत. त्यांनीं लांकडी भिंतींवर कविता कोरल्या. १९७० सालीं एका उद्यानरक्षकाच्या नजरेस त्या पडल्या, आणि १९८० सालीं ‘आयलंड’ या नांवानें त्यांचा इंग्रजी भाषांतरासह संग्रह निघाला. दुसरी रचना सॅनफ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तींत १९११ व १९१५ सालीं छापलेल्या गीतसंग्रहांची. त्यांत दीड हजारांवर गाणीं आहेत. त्यांतील २२० निवडून मार्लन होम यांनीं १९८७ सालीं इंग्रजींत आणलीं.

भिंतीवरील कविता अभिजात चिनी साहित्यभाषेंत आहेत. ओळींस पांच किंवा सात अक्षरें, प्राचीन वीरांचे व हद्दपार झालेल्या कवींचे दाखले, देश दुबळा म्हणून आमची ही दशा असा शोक. रचणारे बहुधा खेड्यांतले, बेताचें शिक्षण झालेले. त्यामुळें वृत्तांत व शब्दांत चुका आहेत. तरीही आश्चर्य वाटतें तें याचें कीं, घरीं ज्या भाषेंत त्यांनीं आईला हांक मारली असेल ती भाषा त्या भिंतीवर जवळजवळ नाहीं. जणूं कोंडवाड्यांत रडतांनासुद्धां या माणसांनीं सभेचे कपडे अंगावर चढविले! यास आम्ही दोष म्हणत नाहीं. ज्याला गुराप्रमाणें तपासलें जात होतें, त्यानें आपण सुसंस्कृत असल्याचा पुरावा भिंतीवर कोरून ठेवावा, यांत मोठें स्वत्व आहे.

गीतसंग्रहांतलीं गाणीं मात्र लोकांच्या तोंडच्या चालीचीं. प्रत्येक गाणें ४६ अक्षरांचें. यमकें कँटोनीज उच्चारावर बसविलेलीं. त्यांत गांवीं राहिलेल्या बायकोची तक्रार आहे, जुगार आहे, वेश्यागृह आहे, पैसा कमावून परतल्याची फुशारकी आहे, न कमावतां म्हातारें झाल्याची खंत आहे. भिंतीवरचा कवि आपण कसें दिसावें याची काळजी वाहतो. गाण्यांतला माणूस आपण कसे आहों तें सांगून मोकळा होतो. वाङ्मय म्हणून आम्हांस दुसरी रचना अधिक जिवंत वाटते. परंतु कीर्ति मिळाली ती पहिलीला. यांतील कांहीं भाग त्या बेटाच्या करुण इतिहासाचा आहे हें खरें. पण कांहीं दोष आम्हां भाषांतरावर विसंबणाऱ्या वाचकांचाही आहे. इंग्रजींत उतरल्यावर दोन्ही रचना एकाच सपाट मुक्तछंदांत येतात. सभेचे कपडे कोणते आणि घरचे कोणते हा भेदच तेथें पुसला जातो. ‘चिनीवरून भाषांतर’ या दोन शब्दांनीं किती गोष्टी झांकल्या जातात, याचें हें उत्तम उदाहरण होय.

मॅक्सिन हाँग किंग्स्टन यांच्या ‘द वुमन वॉरियर’ या १९७६ सालच्या पुस्तकाकडे या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. किंग्स्टन यांचा जन्म १९४० सालीं कॅलिफोर्नियांतील स्टॉक्टन येथें झाला. घरची भाषा सी यपची. पुस्तक इंग्रजींत लिहिलेलें, आणि आईच्या कहाण्यांवर रचलेलें आहे. त्याची खूप स्तुति झाली, आणि चिनी पुराणकथांची मोडतोड केली म्हणून स्वकीयांकडूनच कठोर टीकाही झाली. त्या वादांत न शिरतां आम्ही शेवटच्या प्रकरणांतील एकाच स्थळाकडे लक्ष वेधतों. गांवाकडून आलेले लोक तेथें जन्मलेल्या मुलांस एका शब्दानें संबोधीत: ‘हो ची क्वै’. ‘क्वै’ म्हणजे भूत, एवढें मुलीस कळतें. पुढचे दोन शब्द कोणते? विचारावें तर वडील माणसें सांगत नाहींत. मोठेपणीं ती कोश काढून बसते आणि या ध्वनीशीं जुळणारे अर्थ एकामागून एक मांडते: कोणी किडा, कोणी पक्षी, कोणी मासा, कोठें धान्याची चाळण, तर कोठें केरसुणी-सुपली. एकही लागू पडत नाहीं.

या स्थळीं टीकाकारांस विनोद दिसला. आम्हांस तें पुस्तकाचें मर्मस्थान वाटतें. कँटोनीजमध्यें ‘हो ची’ याचा ‘सारखा’ असा एक साधा अर्थ होतो, आणि तो घेतल्यास ‘भुतासारखीं पोरें’ असा अर्थ सरळ लागतो. तो खरा असो वा नसो. मुलीस तो कोणी दिला नाहीं, ही मुख्य गोष्ट होय. जी भाषा केवळ ओठांवर राहते, तिचा कोश आईच्या तोंडांत असतो. आणि आई बोलली नाहीं तर तो कोश मिटतो. ही मुलगी विद्यापीठांत जाऊन उत्तम मँडरिन शिकली असती तरी हा शब्द तिला सांपडला नसता.

येथवर जी हानि झाली ती काळाच्या ओघानें झाली. सिंगापुरांत तीच गोष्ट राज्यानें योजून केली. त्या बेटावर होक्येन, तेओच्यू, कँटोनीज, हाक्का, हाइनान असे निरनिराळ्या वाणीचे चिनी लोक आले. त्यांच्यांत सलोखाच होता असें नव्हे. १८५४ सालीं होक्येन व तेओच्यू यांच्यांत झालेल्या दंग्यांत शेंकडों माणसें मेलीं. म्हणून या सर्वांस जोडणारी एक भाषा असावी ही कल्पना सरकारनें काढली नाहीं. ती समाजांतूनच आली. १९१९ सालीं तान का की यांच्या पुढाकारानें जें चिनी माध्यमिक विद्यालय निघालें, त्यांत सर्व जमातींच्या मुलांस प्रवेश होता आणि शिक्षण मँडरिनमध्यें होतें. ज्यांनीं वर्गणी दिली त्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं मँडरिन बोललीच जात नव्हती. ही त्यागबुद्धि थोर होती, हें मान्य केलेंच पाहिजे.

पण १९७९ च्या सप्टेंबरांत ली क्वान यू यांनीं जी मँडरिन-मोहीम सुरू केली, तिचें स्वरूप निराळें होतें. मँडरिन अधिक बोला, बोली कमी करा, असें तिचें ब्रीद होतें. पुढील तीन वर्षांत नभोवाणी व दूरदर्शन यांवरून बोलींतील कार्यक्रम हळूहळू काढून टाकण्यांत आले. रोज कँटोनीजमधून गोष्टी सांगणारे लोकप्रिय कथाकार ली दाइ सोर यांचा आवाजही १९८२ सालीं थांबला. हाँगकाँगच्या मालिका मँडरिन आवाज चढवून दाखवूं लागले. होक्येनमध्यें ज्यास ‘तेक का’ म्हणत, त्या लिटल इंडियामधील बाजाराचें नांव मँडरिन उच्चारानें ‘चूच्याओ’ असें केलें. लोकांनीं तें जिभेवर घेतलें नाहीं, आणि २००० सालीं जुनें नांव परत द्यावें लागलें. ली क्वान यू यांचें म्हणणें असें होतें कीं, इंग्रजी व मँडरिन शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर तिसऱ्या भाषेचें ओझें घालूं नये. स्वतः त्यांनीं प्रौढपणीं होक्येन शिकून त्या भाषेंत सभा जिंकल्या होत्या, हें येथें आठवतें. तरीही त्यांचा युक्तिवाद आम्ही हसण्यावारी नेत नाहीं. तो एका शिक्षकाचा युक्तिवाद आहे. आमचा आक्षेप एका शब्दावर आहे. शाळेच्या पत्रकांत मँडरिनला ‘मातृभाषा’ असें नांव दिलें गेलें. होक्येन वा कँटोनीज बोलणाऱ्या आईच्या मुलास मँडरिन ही समाजाची भाषा म्हणून शिकवावी, राष्ट्राची म्हणून शिकवावी, व्यापाराची म्हणून शिकवावी. परंतु तिला मातृभाषा म्हणणें म्हणजे आईलाच सांगणें कीं, तूं बोलतेस ती भाषा नव्हे.

याच आईस कुओ पाओ कुन यांनीं १९८८ सालीं रंगभूमीवर आणलें. कुओ यांचा जन्म १९३९ सालीं हपै प्रांतांत झाला. बालपणीं ते सिंगापुरांत आले. १९७६ ते १९८० पर्यंत खटल्यावांचून स्थानबद्ध होते. त्यांच्या ‘ममा लुकिंग फॉर हर कॅट’ या नाटकाची कथा म्हणावी तर एका वाक्यांत संपते. आई होक्येन बोलते, मुलें मोठीं होऊन इंग्रजी व मँडरिन बोलूं लागतात, आईशीं बोलणारें एक मांजर उरतें आणि तेंही हरवतें. नाटकांत अनेक भाषा एकत्र नांदतात. प्रेक्षागृहांतील बहुतेक प्रत्येकास कांहीं संवाद कळले, कांहीं कळले नाहींत. आणि न कळणें हाच नाटकाचा अनुभव आहे. मांजर शोधतां शोधतां आईस एक तमिळ म्हातारा भेटतो. तोही आपलें मांजर शोधतो आहे. तिला तमिळ येत नाहीं, त्याला होक्येन येत नाहीं. हातवाऱ्यांनीं व आवाजांनीं दोघांचें जमतें.

हा प्रवेश फार वाखाणला गेला, आणि तो त्या योग्यतेचा आहे. परंतु येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. माणुसकीला भाषा लागत नाहीं, असें तात्पर्य या प्रवेशांतून काढण्याचा मोह होतो; तें तात्पर्य गोड आहे, आणि अपुरें आहे. हातवाऱ्यांनीं मांजर शोधतां येतें. आपलें आयुष्य सांगतां येत नाहीं. त्या म्हातारीस जें सांगावयाचें होतें तें त्या तमिळ म्हाताऱ्यास नव्हे, आपल्या मुलांस. तें शेवटपर्यंत सांगितलें जात नाहीं. मुलांचीं चित्रें कुओ यांनीं एकाच रंगानें रंगविलीं, हा नाटकाचा दोष होय. ज्या मुलांस आईची भाषा टाकण्याबद्दल शाळेंत शाबासकी मिळाली, त्यांच्या मनांतली ओढाताण अधिक दिसावयास हवी होती. तरीही राज्याची मोहीम नववर्षांची झाली असतां, जी भाषा दूरदर्शनला वर्ज्य होती तीच रंगमंचावर उभी करण्याचें धैर्य या नाटककारानें दाखविलें, हें विसरतां येणार नाहीं. पुढें २०१६ सालीं वृद्धांस सरकारी योजना कळाव्या म्हणून त्याच दूरदर्शनवर होक्येन मालिका दाखविण्यांत आली. नाटककारानें जें २८ वर्षांपूर्वीं सांगितलें होतें, तें राज्यास म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याच्या निमित्तानें कळलें.

आतां मोहिमेचें फळ पाहूं. २०१० च्या गणतींत घरीं मुख्यत्वें चिनी बोली बोलणारे रहिवासी शेंकडा १४.३ होते, २०२० मध्यें ८.७ उरले. एवढ्यावर कोणी म्हणेल, मँडरिन जिंकली. परंतु त्याच दहा वर्षांत मँडरिनही शेंकडा ३५.६ वरून २९.९ वर उतरली, आणि इंग्रजी ३२.३ वरून ४८.३ वर चढली. आजीची भाषा काढून जी घरांत बसविली, तीही तेथें स्थिरावली नाहीं. याचें कारण आमच्या मतें असें कीं, ज्या भाषेचें समर्थन केवळ उपयोगावर केलें जातें, ती अधिक उपयोगाची दुसरी येतांच मागें पडते. भाषेला घरांत धरून ठेवणारें जें दुसरें बळ असतें, तें ज्या बोलींपाशीं होतें त्यांना आधींच उंबऱ्याबाहेर काढलें होतें.

तथापि कँटोनीजला निव्वळ गाईसारखी गरीब समजूं नये. १९६५ च्या कायद्यानें अमेरिकेचे दरवाजे उघडले, हाँगकाँगचे लोक आले, तेथील चित्रपट आणि गाणीं आलीं. आणि चिनी वस्तींतल्या दुकानांत शहरी कँटोनीज न बोलणाऱ्या होइसानी म्हातारीस गांवढळ ठरविण्यांत आलें. मलायांत क्वालालंपूर व इपोह या शहरांतही हाँगकाँगच्या पडद्यानें कँटोनीजला असाच रुबाब दिला. आज तैवानचे व चीनचे नवे लोक मँडरिन घेऊन येतात, आणि कालची शहाणी कँटोनीज आज स्वतः ‘बोली’ म्हणवून घेते. प्रत्येक भाषा कोणाची तरी धाकटी आणि कोणाची तरी थोरली असते. थोरलेपणीं ती धाकट्यांशीं कशी वागली हें तिनें धाकटी झाल्यावर आठवावें, एवढेंच.

आम्हीं आयुष्याचीं बरींच वर्षें इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत घालविलीं आहेत, तेव्हां परभाषेचा तिरस्कार आमच्याकडून होणें नाहीं. समाजास एक समाईक भाषा लागते. सी यपच्या शेतकऱ्यालाही ती लागली, आणि भिंतीवर त्यानें तीच कोरली. आमचें म्हणणें इतकेंच कीं, समाईक भाषा मिळाली म्हणून घरची भाषा खोटी ठरत नाहीं, आणि लिपी एक असली म्हणून वाणी एक होत नाहीं. लिपीच्या या एकपणावर राज्यकर्ते भुलतात तें समजण्यासारखें आहे, कारण त्यांचें काम कागदावर चालतें. वाचकानें व टीकाकारानें मात्र भुलूं नये. यापुढें एखाद्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘मूळ चिनीवरून’ असे शब्द दिसले, तर लेखकानें तें कोणत्या चिनींत लिहिलें हें विचारावेंच. आणि त्याच्या आईनें तें कोणत्या चिनींत सांगितलें असतें, हेंही विचारून पाहावें. पहिल्या प्रश्नाचें उत्तर प्रस्तावनेंत सांपडेल. दुसऱ्याचें उत्तर सांपडलें तरच तें पुस्तक आपण वाचलें असें म्हणतां येईल.